अठ्ठावीस दिवसांचा अंधार

चिखल आणायला झिग्मासची होडी लागते.
भाडं म्हणून तो पैसे घेत नाही,
प्रयोगशाळेतली रद्दी घेतो, शेगडीसाठी.
आमचे निष्कर्ष चांगले जळतात म्हणे.

शाल्तुपे म्हणजे थंड नदी.
एप्रिलमध्येही काठाला बर्फाची साय.
बंद कापडगिरणीच्या पाइपापाशी तो वल्हं टेकवतो:
"इथला घे, स्किर्मान्ते. इथला चिखल अनुभवी आहे."
मी मान हलवते. नियमाला अनुभवी चालत नाही.
वर, गिरणीच्याही वर, जिथे फक्त गाई पाण्यावर येतात,
तिथले जीव हवेत,
ज्यांनी हा पदार्थ कधी चाखलेला नाही.
"म्हणजे ज्याचा अभ्यास झालाय
त्यालाच परीक्षेला बसू द्यायचं नाही!"
तो हसतो, आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवू लागतो.

नऊ बाटल्या. वीस अंश. अंधार.
तिनांत आमचा पदार्थ.
तिनांत मुरंबा टिकवायला घालतात तो साधा क्षार,
जो सगळेच आवडीने खातात.
आणि तीन कोऱ्या: चिखल, पाणी, बस्स.
कोऱ्यासुद्धा श्वास सोडतात.
तो श्वास नळीतून येतो, निवळीत बुडबुडतो,
निवळी दुधाळते,
आणि मी सकाळी आठ वाजता
कोण किती जेवलं ते वहीत लिहिते,
पाळणाघरातल्या बाईसारखी.

मुरंब्याचा क्षार पाचव्या दिवशी संपत आला.
आमच्या बाटल्या गप्प.
नवव्या दिवशी जरा कुजबुज.
पुन्हा गप्प.

पदार्थाला नाव आहे, पण ते अडीच ओळींचं.
गिरणीत त्याला 'शेवटचा हात' म्हणत.
कापडावरून तो फिरवला की पाणी थबकतं,
गोळा होतं, घरंगळतं,
कोबीच्या पानावरून जावं तसं.
माझी आई, गेनोवाइते, तेवीस वर्षं
त्या हॉलमध्ये शेवटचा हात देत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी हिशेब.
मूळ पदार्थ: सापडला नाही.
कौनासहून वायत्कुस यांचा फोन, आवाजात सुटीचा उत्साह:
"गेला ना? मग 'नाहीसा झाला' असं लिहा."
गेला खरा. पण श्वास जेमतेम अकरा टक्के.
पोटात गेला असता तर निवळी केव्हाच
घट्ट दुधासारखी झाली असती.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणावं,
तर याचा धंदाच पाणी मुरू न देण्याचा.
यंत्राच्या कागदावर, जिथे सपाट रेघ हवी,
तिथे एक बुटकी टेकडी.
डोकं कुरतडलेलं, शेपूट शाबूत.
त्याला अजून नाव नाही.
तक्त्यात रकानाही नाही.

'नाहीसा' खोडते. 'बदलला' लिहिते.
मग बराच वेळ पेनचं टोपण चावत बसते.

रविवारी आई अळंबी वेचायला निघते.
अंगात तोच हिरवा कोट, गिरणीतून मिळालेला,
माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.
कोपर विरलंय, अस्तर दोनदा बदललं,
बटणं तर एकासारखं एक नाही.
पाऊस मात्र अजून त्याच्यावर थबकतो,
विचार करतो, आणि घरंगळतो.
"टाकून दे ना आता तो," मी म्हणते.
"कुठे?"
ती चिडून नाही विचारत.
हातात टोपली, दारात उभी,
खरंच उत्तराची वाट पाहत असते.
मला रसायनशास्त्रातली पदवी आहे.
मी तिला छत्री शोधून देते.

सोमवारी पाचवी बाटली पुन्हा अंधारात.
या खेपेला मुदत साठ दिवस, तक्ता मीच आखलेला,
त्यात टेकडीसाठी एक जादा रकाना.
झिग्मासला निरोप धाडते:
पाइपापासचा चिखल आण, तो अनुभवी.
आणि हो,
या महिन्यात रद्दी नाही.